वसुधाताई आणि भिंतीपलीकडची भुणभुण

वसुधाताई जगतापांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांचा चेहरा दिसलाच नाही. बडोद्यात एका कारखान्याच्या गच्चीवर, भर उन्हात, पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर एक जडशीळ पेटी ठेवलेली होती आणि तिच्यासमोर एक बाई डोक्यावरून काळं कापड ओढून वाकून उभी होती. जुन्या काळचे फोटोवाले उभे राहायचे तशी. साडीचा पदर कमरेला खोचलेला, पायात पुरुषी बूट. मी नव्यानं नोकरीला लागलो होतो. "नमस्कार, मी प्रकाश," असं म्हटलं तर कापडाच्या आतून उत्तर आलं, "उभा राहा तिथंच. अँटेनासमोर येऊ नकोस. फेरी पुरी होऊ दे."

ती पेटी म्हणजे स्पेक्ट्रम ॲनालायझर. हवेतून ज्या रेडिओलहरी जातात त्या कुठल्या फ्रिक्वेन्सीवर, म्हणजे पट्ट्यात कुठल्या जागी आहेत आणि किती जोरात आहेत, हे तिच्या हिरव्या पडद्यावर डोंगररांगेसारखं उमटत असे. आमची कंपनी लहान होती. कारखान्यांना वॉकीटॉकी आणि बिनतारी यंत्रणा बसवून द्यायची आणि त्यांची दुरुस्ती करायची. पूर्वी असं यंत्र बाहेरून आणायचं म्हणजे परवाने, जकात आणि वर्षानुवर्षांची वाट. नव्वदच्या दशकात आयात सैल झाली आणि मालकांनी एक घेतलं. ते घ्यायला लावलं ते वसुधाताईंनी. मालकांच्या खोलीत जाऊन त्या इतक्या वेळा बोलल्या की शेवटी मालकांनीच हात जोडले, असं ऑफिसात सांगत.

'उचलता येणारं' असं त्याचं वर्णन कंपनीच्या माहितीपत्रकात होतं. शिलाई मशीनचं डोकं उचलून तीन मजले चढून बघावं म्हणजे ते वर्णन कितपत खरं ते कळेल. बॅटरी पुरती चार्ज केली तरी सकाळचं काम उरकेपर्यंत मान टाकायची. उन्हात पडदा दिसायचा नाही, म्हणून ते काळं कापड. प्रयोगशाळेतल्या मोठ्या यंत्राइतकं बारीक त्याला दिसतही नसे. पण वसुधाताई म्हणायच्या, "मोठं यंत्र हुशार आहे, पण ते गच्चीवर येत नाही ने!" बडोद्याच्या मराठीतला हा 'ने' त्यांच्या प्रत्येक चौथ्या वाक्याला शेपटीसारखा लागलेला असे. पणजोबा संस्थानच्या फौजेत होते, घरात बोलणं मराठीच. पण घराबाहेर पडलं की गुजराती आपसूक मिसळायची.

मला त्यांनीच शिकवलं. "आधी तळ बघ, मग डोंगर बघ," हे त्यांचं पहिलं वाक्य. पडद्याच्या तळाशी गवतासारखी थरथरती रेघ असते, तो यंत्राचा स्वतःचा गोंगाट. फिल्टर अरुंद केला की ते गवत खाली बसतं आणि त्यात लपलेला बारीक सिग्नल वर डोकावतो. पण मग पडद्यावरची फेरी संथ होते. मी उतावीळपणे ती पळवायचो. "घाई केलीस की डबा खोटं बोलतो," असं म्हणून त्या माझा हात बाजूला करायच्या. एकदा मला एक जबरदस्त शिखर सापडलं आणि मी नाचतच त्यांना दाखवायला गेलो. त्यांनी एक बटण दाबून यंत्रात येणारा जोर ठरावीक प्रमाणात कमी केला. बाकी सगळी शिखरं सारखी उतरली, माझं मात्र पार कोसळलं. जवळच्या रेडिओ केंद्राच्या जोरानं यंत्राच्याच पोटात तयार झालेलं भूत होतं ते. "खरा सिग्नल असता तर जेवढ्यास तेवढा उतरला असता," त्या म्हणाल्या. हसल्या नाहीत. वसुधाताई फारशा हसत नसत.

त्याचं कारण मला वर्षभरानं कळलं. त्यांचा धाकटा भाऊ दिलीप शहराबाहेरच्या एका रसायनांच्या कारखान्यात ऑपरेटर होता. एके दिवशी दुपारी तिथं गॅस गळला. कंट्रोल रूममधून वॉकीटॉकीवर आज्ञा गेली : मागच्या दारानं बाहेर पड. दिलीप पुढच्या दाराकडे गेला, आणि गॅस पुढच्याच बाजूला होता. त्यातच तो गेला. चौकशीत ठरलं की त्यानं सूचना पाळली नाही. एका सहकाऱ्यानं सांगितलं होतं की त्या वेळी वॉकीटॉकीवर नुसती भुणभुण येत होती, भुंगा कानात शिरल्यासारखी. यंत्रं तपासली, तर चांगली निघाली. भुणभुण कुणाला सापडली नाही, म्हणून ती नव्हतीच असं झालं.

वसुधाताईंनी तेव्हा आपली बरी चाललेली नोकरी सोडली आणि आमच्या कंपनीत आल्या. लग्न केलं नाही. पाणीगेटजवळ दोन खोल्यांत त्या आणि त्यांची आई राहायच्या. मी कधीमधी जेवायला जायचो. दिलीपची तसबीर भिंतीवर होती, पण तिला हार नसे. विषय निघाला की त्यांची आई, मी त्यांना काकू म्हणायचो, ताटातली पोळी मोडत म्हणायच्या, "लहानपणापासून ऐकायचा नाही कुणाचं. शेवटीही ऐकलं नाही." वसुधाताई उठून पाणी आणायला जायच्या. तांब्या भरलेला असला तरी जायच्या.

यंत्र आल्यावर दुसऱ्या वर्षी त्याच कारखान्यातून आम्हाला बोलावणं आलं. वॉकीटॉकीवर अधूनमधून भुणभुण येते, बघून जा. वसुधाताईंनी काळ्या कापडाची घडी घातली. मग म्हणाल्या, "चल प्रकाश, बॅटरी चार्ज आहे ने?"

सकाळभर काहीच मिळालं नाही. पडदा निवांत होता. वसुधाताईंनी यंत्राला सर्वांत उंच गेलेली रेघ धरून ठेवायला लावलं. म्हणजे एखादा सिग्नल क्षणभर येऊन गेला तरी त्याची उंची पडद्यावर राहते. कापडाखाली आम्ही दोघं आलटूनपालटून वाकत होतो. जेवणाच्या सुट्टीत आम्ही जोडीची बॅटरी लावली. त्यानंतर, पडद्यावर वॉकीटॉकीच्या फ्रिक्वेन्सीच्या अगदी शेजारी, एक फुगवटा उमटला. तीक्ष्ण शिखर नव्हतं. डावीकडून उजवीकडे सरकत गेलेला, पुसट कुबडासारखा. थोड्या वेळानं पुन्हा आला, आणि सरकत सरकत वॉकीटॉकीच्या जागेवर चढला. त्याच क्षणी माझ्या हातातल्या वॉकीटॉकीतून भुंगा बोलला.

वसुधाताईंनी बटण दाबून जोर कमी केला. फुगवटा जेवढ्यास तेवढा उतरला. "खरा आहे," त्या म्हणाल्या.

दिशा दाखवणारा अँटेना घेऊन आम्ही कुंपणापर्यंत चालत गेलो. प्रत्येक पावलाला फुगवटा वाढत होता. भिंतीपलीकडे प्लॅस्टिकची कव्हरं आणि फायली करणारं एक छोटं वर्कशॉप होतं. मालक हर्षदभाई, डभोईहून रोज बसनं येणारा, कपाळाला घाम आणि बोलण्यात अगत्य. "आवो बेन, बेसो," म्हणजे या ताई, बसा, असं म्हणत त्यानं स्टूल पुसून दिलं. आत प्लॅस्टिकचे दोन तुकडे रेडिओलहरींच्या उष्णतेनं चिकटवणारा प्रेस होता. सकाळी तिथं प्लॅस्टिक कापायचं काम चाले, प्रेस दुपारनंतरच. पायानं पट्टी दाबली की काही क्षण चालायचा, मग बंद. त्याच्या मूळ फ्रिक्वेन्सीच्या सहापट जागी जो उरलासुरला कचरा पडतो, तो बरोबर वॉकीटॉकीवर जात होता. या लहरी बाहेर पडू नयेत म्हणून प्रेसला धातूच्या पत्र्याचं आवरण असतं. ते नव्हतं.

"ते होय? आतून फार तापतं बेन," हर्षदभाई गुजरातीत म्हणाला. "मशीन घेतलं तेव्हाच मिस्त्रीनं काढून ठेवलं. माळ्यावर आहे."

"मशीन कधी घेतलंत?"

"बरीच वर्षं झाली. त्या गॅसच्या आधी. तुम्हाला आठवत असेल ने, इथं गॅस गळला होता? भोंगा वाजेपर्यंत आमचं काम चालूच होतं. भोंगा ऐकला अन् सगळे पळालो. एक जवान मुलगा गेला बिचारा."

वसुधाताईंनी स्टुलाची कड धरली. मला वाटलं, आता त्या काहीतरी बोलतील. त्या म्हणाल्या, "पत्रा खाली काढा. आत्ता बसवू. आणि तापतं म्हणता ते पंख्यानं सुटेल." आम्ही दोघांनी मिळून तो पत्रा आवळून बसवला. प्रेस चालवला. पडद्यावर नुसतं गवत होतं.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "त्याला सांगणार नाही?"

"सांगीन. पण आधी आईला. एकटीनं सांगवणार नाही रे, तू ये बरोबर."

कारखान्याच्या साहेबांना त्यांनी त्याच संध्याकाळी पत्रा काढून आणि लावून, दोन्ही वेळा पडदा दाखवला. साहेब सभ्य होते. त्यांनी वॉकीटॉकीची फ्रिक्वेन्सी बदलून घेतली, आभार मानले. जुनी चौकशी पुन्हा उघडण्याबद्दल म्हणाले, "बेन, आता त्यातून काय निघणार?" तेव्हाचा शेरा तसाच राहिला.

रविवारी सकाळी मी पाणीगेटला गेलो. काकू मेथी निवडत होत्या. वसुधाताई त्यांच्यासमोर जमिनीवर बसल्या आणि त्यांनी सगळं सोप्या शब्दांत सांगितलं : भिंतीपलीकडे एक मशीन होतं, त्याचा आवाज दिलीपच्या वॉकीटॉकीत शिरत होता, आज्ञा त्याच्यापर्यंत पोचलीच नाही.

काकूंचे हात थांबले. "म्हणजे त्याला ऐकूच आलं नाही?"

"नाही आई. त्याची काही चूक नव्हती."

मला वाटलं होतं, त्या रडतील, मोकळ्या होतील, देवापाशी दिवा लावतील. त्यांनी मेथीचं ताट बाजूला सारलं. मग हळूच म्हणाल्या, "आणि मी त्याला इतकी वर्षं बोल लावला. मेलेल्या पोराला. जेवताना, झोपताना. वसू, हे तू मला कशाला सांगितलंस गं?"

वसुधाताईंनी त्यांचा हात धरायला हात पुढे केला. काकूंनी तो धरू दिला नाही.

त्यानंतर त्या घरात दिलीपचं नाव निघालं नाही. तसबिरीला हार चढला, रोज ताजा. काकू तिच्यासमोर बसून राहायच्या. जेवण कमी होत गेलं. कुणी आग्रह केला तर म्हणायच्या, "मला आता काही सांगू नका." पुढच्या थंडीत त्या गेल्या. डॉक्टरांनी वय हे कारण दिलं. वसुधाताई मला म्हणाल्या, "रागावर जगत होती ती, प्रकाश. मी तो राग काढून घेतला, आणि दुसरं द्यायला माझ्याकडे काही नव्हतं."

"पण दिलीपवरचा डाग तर पुसला ना?" मी म्हणालो.

"कुणासाठी पुसला?" त्यांनी विचारलं.

हर्षदभाईला त्यांनी कधीच सांगितलं नाही. मी एकदा आठवण केली तेव्हा एवढंच म्हणाल्या, "त्याला मुलं आहेत. रात्री झोप लागते त्याला. राहू दे." दर वर्षी एकदा मात्र त्या त्याच्याकडे जायच्या. पत्रा जागेवर आहे का, स्क्रू ढिले झालेत का ते बघायच्या, त्याचा चहा घ्यायच्या आणि परत यायच्या.

पुढं मोबाइलचे टॉवर उभे राहिले. मोठ्या कंपन्यांनी मोजमाप करणारी माणसं दुप्पट पगारावर उचलली, मीही गेलो. नवी यंत्रं जेवणाच्या डब्याएवढी हलकी, रंगीत पडद्याची आली. वसुधाताई जुन्या कंपनीतच राहिल्या, ती बंद होईपर्यंत. पाणीगेटची जागा सोडून त्या फतेगंजला एका खोलीत राहायला गेल्या. मी भेटायला जायचो, पण दर खेपेला बोलणं कमी होत गेलं. आम्ही दोघं खिडकीपाशी बसायचो, आणि थोड्या वेळानं त्याच म्हणायच्या, "चल, तुला उशीर होईल." त्यांना पोटाचा आजार होता, हे त्यांनी मला फार उशिरा सांगितलं. सांगितलं तेव्हा उपचार संपले होते.

त्या गेल्या त्या दिवशी आम्ही मोजकी माणसं जमलो : जुन्या ऑफिसातले दोघं आणि मी. खोलीखालच्या अंगणात तिरडी बांधून झाली आणि लक्षात आलं की खांदा द्यायला आम्ही तिघंच आहोत. शेजारी कुणाला हाक मारावी या विचारात असताना फाटकातून हर्षदभाई आत आला. केस पांढरे झाले होते, धावत आल्यामुळे दम लागला होता. कुणीतरी त्याला फोन केला होता. त्यानं वसुधाताईंच्या पायांना हात लावला आणि मला हळूच विचारलं, "बेनला भाऊ नाही कुणी?"

"होता," मी म्हणालो. "वारला."

"अरेरे," तो म्हणाला. त्यानं चपला काढून भिंतीशी ठेवल्या, माझ्या शेजारी येऊन उभा राहिला आणि खांदा दिला.