कुकडीचा पूर आणि धोंडीबाची मोट

आमच्या घराण्याचा पाण्याशी संबंध फक्त ते गाळून पिण्यापुरता. माझे आजोबा मारवाडातल्या ज्या गावाहून जुन्नरला आले, तिथे कुणाला बुडायचंच झालं असतं, तर आधी चार घरी पाणी मागावं लागलं असतं. जुन्नरात आमचं कापडाचं दुकान, धर्म जैन, आणि कुकडी नदी हाकेच्या अंतरावर. तरी तीन पिढ्यांत आमच्यातलं कुणी घोट्याच्या वर भिजलं नव्हतं. भिजलं की आटतं, एवढंच वडिलांचं पाण्याविषयी मत होतं. (ते कापडाबद्दल बोलत होते, पण आम्ही ते माणसांनाही लावून घेतलं.)

त्या वर्षी जुन्नरात प्लेग शिरला. घराघरांत उंदीर पडायला लागले आणि लोक गाव सोडून रानात झोपड्या टाकून राहू लागले. आम्ही पिंपरी पेंढारला धोंडीबाच्या मळ्यात गेलो. धोंडीबा आमच्या दुकानाचं जुनं गिऱ्हाईक. मोठा दिलदार शेतकरी! त्याने आम्हाला मळ्यातली सगळ्यात चांगली जागा दिली, म्हणजे विहिरीपासून वीस पावलांवरची. विहीर मोठी होती, बांधीव होती, उतरायला पायऱ्या होत्या. कठडा तेवढा नव्हता.

दुसऱ्याच दिवशी आमचा सहा वर्षांचा पन्ना विहिरीच्या काठावर पालथा पडून, अर्धा आत लोंबत, बेडूक मोजताना सापडला. आठ वर्षांची चंपा त्याचे पाय घट्ट धरून बसली होती. भाऊ पडेल म्हणून नव्हे, पुढची पाळी तिची होती म्हणून. मी दोघांना मागे ओढलं आणि विहिरीभोवती बाभळीच्या काट्या रचायला घेतल्या. प्लेगाला भिऊन पोरं इथवर आणली, ती काय यासाठी?

"शेट, काट्या लावून किती दिस राखनार?" धोंडीबा म्हणाला. "पोरांस्नी पवाया शिकवा. पान्याचं भ्या पान्यातच जातंय."

"शिकवतील की हे," पन्नाची आई म्हणाली. "ह्यांनी कुकडीचा पूर पोहून पार केलाय."

धोंडीबाने माझ्याकडे पाहिलं. पोटाकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

आता हा पूर कुठून आला, ते सांगायला हवं. लग्न होऊन ही जुन्नरला आली, तेव्हा माहेरच्या आठवणीने सारखी रडायची. माहेर आंबेगावकडचं, घोड नदीच्या अगदी काठावरचं. नवऱ्याने अशा वेळी काहीतरी बोलावं लागतं. मी म्हणालो, नदी काय, नदी आमच्याकडेही आहे, आणि मी तर तिचा पूर पोहून गेलोय! ती रडायची थांबली, डोळे पुसून म्हणाली, "हो का?" आणि त्या 'हो का'वर मी दहा वर्षं निभावून नेली होती.

धोंडीबाची पद्धत साधी होती. दोन वाळके भोपळे पोराच्या पाठीशी बांधायचे, आपण पाण्यात उभं राहायचं आणि हाताखाली धरून पोराला हातपाय मारायला लावायचे. आठ दिवसांत पोरगं मासोळी होतं म्हणाला. त्यातला 'आपण पाण्यात' हा भाग मला पटेना.

"भोपळा फुटला तर?" मी म्हणालो.

"आजवर फुटला न्हाई."

"आजवर फुटला नाही, म्हणजे आता फुटायला झालाच की!"

आणि मी माझी स्वतःची युक्ती काढली. विहिरीवर मोट चालायची. बैल धावेवरून, म्हणजे उतारावरून, खाली गेले की जाड दोराचा नाडा ओढला जाई, पाण्याने भरलेली कातड्याची मोट वर येई आणि काठावरच्या दगडी थारोळ्यात रिकामी होई; तिथून पाणी पाटाने वाफ्यांत जाई. मी म्हटलं, मोट काढून ठेवा आणि नाड्याला जुन्या धोतराची मऊ झोळी बांधा. झोळीत पोर. पोर पाण्यात हातपाय मारील, मी काठावरून शिकवीन, आणि घाबरलं तर धोंडीबा बैल हाकील. कुणी बुडायलाच नको! मुख्य म्हणजे, शिकवणाऱ्याने भिजायला नको.

धोंडीबाने बैलांकडे पाहिलं. "शेट, खाली पोर हाये का पानी, बैलांला काय ठावं?"

मी हसलो. शेतकऱ्याला नव्या गोष्टी लवकर पटत नाहीत, असं मला तेव्हा वाटलं.

पहिली चंपा. बैल उलटे मागे सरकले, चंपा अलगद खाली गेली, पाण्याला टेकली. मी काठावरून म्हणालो, "हां, आता उजवा हात..." तेवढ्यात बैल निघाले! नाडा सैल पडला की चार श्वास थांबायचं आणि उताराला लागायचं, हे त्यांना आठ वर्षं पाठ होतं. चंपा निथळत वर आली आणि शिस्तीत थारोळ्यात ओतली गेली.

"बाबा, परत!" ती ओरडली.

मग पन्ना, मग चंपा, मग पन्ना. बैलांनी माझी पोरं अकरा वेळा उपसली. डावा हात शिकवायची वेळ एकदाही आली नाही. पाटाने पाणी मात्र चांगलं गेलं. कांद्याचा एक वाफा भिजला, असं धोंडीबा म्हणाला, आणि तो खोटं बोलत नसे.

"हे पोहणं आहे की मोट?" पन्नाच्या आईने विचारलं.

"पहिला धडा भीती घालवण्याचा असतो," मी म्हणालो.

"मग दुसरा तुम्ही पाण्यात उतरून दाखवा. पोरं बघून शिकतात."

"बाबा पूर पोहणार! बाबा पूर पोहणार!" पन्ना नाचायला लागला.

आता माघार घेण्यात दहा वर्षांची अब्रू जात होती. मी धोतराचा काचा मारला आणि झोळी स्वतःच्या काखेखालून बांधून घेतली.

"पूर पोहणाऱ्याला दोर कशाला?" पन्नाच्या आईने विचारलं.

"पोरांना कळावं म्हणून," मी म्हणालो. धोंडीबाला सांगितलं, बैलांच्या तोंडापुढे उभा राहा, त्यांना हलू देऊ नकोस, आणि मी 'ओढ' म्हटलं की लगेच ओढ.

मी शेवटच्या पायरीवर उभा राहून एका हाताने कपार धरली आणि दुसऱ्याने पाण्यावर दोन-चार थापा मारल्या. वरून ते बरंच पोहण्यासारखं दिसत असावं, कारण चंपाने टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांनी घात केला. मी जरा ऐटीत पाय उचलला, आणि दुसरा शेवाळावरून सटकला.

"ओढ!"

"आं?" वरून धोंडीबा. विहिरीत आवाज घुमतो, हे मी हिशेबात धरलं नव्हतं.

"ओढ, ओढ!"

"सोडू?"

तिसऱ्यांदा मी सगळा जीव एकवटून ओरडलो, पण तोंडात पाणी शिरलं आणि 'ओढ'मधला फक्त 'ढ' वर पोचला. (मास्तर लहानपणी मला तेच म्हणायचे.)

"सोडलं, शेट! पवा आता मोकळं!" धोंडीबा कौतुकाने ओरडला. त्याने जुवाला बांधलेला नाडा सोडून दिला आणि तो सगळाच्या सगळा माझ्या डोक्यावर येऊन पडला.

त्यापुढचं फार विनोदी नव्हतं. मी खाली गेलो, वर आलो, पुन्हा खाली गेलो. पोरांची तोंडं काठावर दिसली आणि वाटलं, ही दोघं आता बापाला बुडताना बघणार. तेवढ्यात वरून एक वाळका भोपळा आला, तो डोक्यात बसला. दुसरा हाताला लागला. आणि त्यामागोमाग, लुगड्याचा काष्टा खोचलेली पन्नाची आई सरळ विहिरीत!

मी समजलो, आता दोघंही गेलो. पण ती बदकासारखी वर आली, चार हातांत माझ्यामागे पोचली आणि तिने माझी मानगूट धरली.

"हातपाय झाडू नका. भोपळा छातीशी धरा. मान मागे टाका. श्वास घ्या."

मी घेतला. इतका चांगला श्वास मी आयुष्यात घेतलेला नाही. मला रडू आलं, पण विहिरीत ते कुणाला कळतंय?

"तुला पोहता येतं?"

"घोड नदीच्या काठची मी. चालायच्या आधी पोहले."

"मग दहा वर्षं बोलली का नाहीस?"

"तुम्ही आधी बोललात ना," ती म्हणाली. काठाच्या दिशेने मात्र एक हातही मारीना. "अहो, खरं सांगा. कुकडीला पाणी किती होतं?"

"गुडघाभर."

"तुमच्या?"

"गाडीवानाच्या. मी त्याच्या खांद्यावर होतो."

मग तिने मला पायरीला लावलं. पायऱ्या चढायचं त्राण माझ्यात नव्हतं. धोंडीबाने पाण्यातला नाडा वर नेऊन पुन्हा जुवाला बांधला, बैल हाकले, आणि मी बाराव्या खेपेचा ऐवज म्हणून पोरांच्या देखत थारोळ्यात ओतला गेलो. बैलांनी मागे वळूनही पाहिलं नाही.

"शेट," धोंडीबा म्हणाला, "ही मोट लई जड व्हती."

दुसऱ्या दिवसापासून पन्नाच्या आईने पोरांच्या पाठीला भोपळे बांधले आणि स्वतः पाण्यात उभी राहिली. आठव्या दिवशी दोघांचे भोपळे सुटले. पन्ना विहीर आडवी पोहून गेला, त्या रात्री मी पहिल्यांदा विहिरीकडे पाठ करून झोपलो. माझे भोपळे प्लेग संपून आम्ही घरी परतलो, तरी सुटले नव्हते.

आता संवत्सरीला आम्ही वर्षभरात दुखावलेल्या सगळ्या जीवांची क्षमा मागतो. मी दर वर्षी सुरुवात धोंडीबाच्या विहिरीतल्या जीवांपासून करतो, कारण त्या दिवशी मी जे अर्धी मोट पाणी प्यालो, त्यातला एक थेंबही गाळलेला नव्हता. पन्नाची आई हात जोडून सगळं ऐकून घेते आणि मग हळूच विचारते, "आणि कुकडीची?"

त्यावर मी डोळे मिटून मौन धरतो. आमच्यात मौनालाही तपच मानतात.