रंगीत चक्रं आणि कारल्याचा रस

अंध प्रेक्षकांसाठी सिनेमाचं वर्णन लिहिणं हे माझं काम. संवादांच्या मधल्या जागेत पडद्यावर काय चाललंय ते इंग्रजीत, मोजक्या शब्दांत लिहायचं. नियम एकच: दिसतं तेवढंच सांगायचं, अर्थ लावायचा नाही. गेल्या हिवाळ्यात साठच्या दशकाच्या शेवटचे, नशेवरचे सिनेमे माझ्याकडे आले. इतके भंपक की विचारू नका. नायिका सरबताचा घोट घेते आणि पडदा जांभळा होतो, नारिंगी चक्रं गरगरतात, भिंती वितळतात, आणि नशा चढली की हमखास आपली सतार वाजते. शेवटी पोरगी गच्चीवरून उडी मारते.

बर्मिंगहॅममधल्या आमच्या किचनमध्ये बसून मी हे लॅपटॉपवर बघायचे. आमचा एकुलता एक मुलगा, विशीतला, युनिव्हर्सिटी अर्धवट सोडून घरी आलेला, चहा घेऊन शेजारी बसायचा. मला बरं वाटायचं. एकदा पडद्यावर नायिकेची आई दुधाचा पेला घेऊन खोलीत आली, पेला ठेवला आणि गेली.

"काय बावळट बाई आहे!" मी म्हणाले. "पोरगी नशेत तर्र आहे आणि हिला पत्ता नाही."

तो हसला नाही. "आई, असं नसते ते. कलर-बिलर काही नसते. सगळं फक्त लांब जाते."

तुला कसं माहीत, असं कुणीही विचारलं असतं. मी विचारलं, "चकली देऊ?"

माझं लक्ष भलतीकडेच होतं. तो सारखा बाथरूमला जायचा. माझ्या आईला शुगर होती, मला आहे. माझं निदान तयार होतं. माझ्या मशीनवर त्याचं रक्त तपासलं. नॉर्मल. पुन्हा तपासलं, पुन्हा नॉर्मल. मग मशीनच बिघडलंय असं ठरवून मी त्याचा भात बंद केला आणि रोज सकाळी कारल्याचा रस सुरू केला. तोंडही वाकडं न करता तो प्यायचा. किती गुणी, असं मी बहिणीला फोनवर सांगितलं.

नशा केलेलं माणूस कसं दिसतं ते मला पक्कं ठाऊक होतं, महिनाभर तेच तर लिहीत होते. हा किंचाळत नव्हता, कुठून उडी मारत नव्हता. नुसता गप्प होता.

मग एका सकाळी त्याच्या लघवीतून रक्त गेलं. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरीण बाईंनी माझ्यादेखतच त्याला विचारलं, "केटामाइन किती वर्षं घेतोयस?"

"टू इयर्स," तो म्हणाला. बस कधी येते ते सांगावं तसं.

नशेच्या त्या पावडरीने त्याची मूत्राची पिशवी आक्रसून गेली होती. आता थांबला नाही तर काढावी लागेल, थांबला तरी पूर्ववत होईलच असं नाही, असं त्या म्हणाल्या. माझ्या मांडीवरच्या पर्समध्ये रसाची बाटली होती. मला भयंकर संताप आला, स्वतःचा. खोटं कशाला बोलू, त्याचाही.

घरी आलो. सिनेमाचं काम दुसऱ्या दिवशी द्यायचं होतं, म्हणून शेवटची तपासणी करायला बसले. दुधाच्या पेल्याचा प्रसंग आला. मी लिहिलं होतं, 'आई पेला ठेवते. मुलीकडे न बघताच निघून जाते.' खात्रीसाठी प्रसंग पुन्हा चालवून पाहिला. मी चुकीचं लिहिलं होतं. ती बाई बघते. चांगली डोळे भरून बघते, पोरीच्या केसांवरून हात फिरवते, हसते आणि दार ओढून घेते.

वाक्य दुरुस्त केलं. वर बाथरूमचं दार लागल्याचा आवाज आला. लॅपटॉप तसाच ठेवून मी वर गेले आणि तो बाहेर येईपर्यंत जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून राहिले.