आम्ही तिघांनी पाहिलेला सिनेमा

पुण्याहून पहाटे निघालेल्या एसटीनं दुपारी मला वडीगोद्रीला उतरवलं. हायवेच्या कडेची दुकानं आता दुप्पट झाली आहेत. मी आलो होतो मारोतीला भेटायला, बावीस वर्षांनी.

मारोती माझा शाळेतला मित्र. घनसावंगीकडच्या आमच्या गावात त्याच्या वडिलांच्या मेंढ्या आमच्या रानात बसायच्या (खतासाठी कळप रात्रभर शेतात ठेवतात). आम्ही जमीनदार, ते मेंढपाळ. पण आम्हा दोघांत अरे-तुरे होतं. कॉलेजात असताना एकदा मी, मारोती आणि माझी धाकटी बहीण वनिता अंबडला हिंदी सिनेमा पाहायला गेलो. कारखानदाराची मुलगी आणि तिच्या घरची गाडी चालवणारा, सुरेख गाणारा पोरगा. त्याला बंगल्यातून हाकललं तेव्हा मी रडलो. शेवटी दोघं एक झाली तेव्हा सगळ्यात मोठी शिट्टी माझी होती.

परतताना एसटीत मारोती त्यातलंच गाणं म्हणत होता. वनिता त्याच्याकडे बघत होती. ते बघणं माझ्या लक्षात आलं, आणि घरी पोचताच मी ते वडिलांच्या कानावर घातलं.

आठवड्याभरात मारोतीच्या घरच्यांना गाव सोडावं लागलं. दोन महिन्यांत वनिताचं लग्न नांदेडला लावून दिलं.

वडीगोद्रीहून जीप धरली, पण जीपवाल्यानं मला चुकीच्या फाट्यावर सोडलं. उन्हात अर्धा तास चाललो. कापूस वेचणाऱ्या एका बाईंना विचारलं, "मारोती मेंढीवाला कुठं राहतो?"

"मेंढीवाला कोन? बागवाले मारोतराव म्हना की," त्या म्हणाल्या आणि मोसंबीच्या हिरव्यागार बागेकडे बोट केलं.

मारोती पाइप जोडत बसला होता. केस पांढरे झालेले. मला पाहून तो उठला, हात पुसले.

"या, विलासराव."

ते 'राव' मला लागलं.

त्याच्या बायकोनं बाजरीची भाकरी आणि येसराची आमटी (भाजलेल्या डाळी-मसाल्यांच्या पिठाची) वाढली. मारोती मुलांबद्दल बोलत होता. ताटावरून उठल्यावर, बागेत आम्ही दोघंच असताना, मी म्हणालो, "मारोती, वडिलांना मीच सांगितलं होतं."

"म्हाईत हाय. एसटीतून उतरलो तव्हाच तुमचं तोंड पाह्यलं व्हतं मी."

"मला माफ कर."

तो मोसंबीचं एक फळ उगाच हातात फिरवत राहिला. "माझं बराबर चाललंय. लेकरं शिकून राह्यलीत. गाणं तेवढं सुटलं. वनिताबाईला सांगितलं का हे?"

"नाही."

"मंग माझ्याकडं कशाला आल्ते एवढ्या लांब?"

निघताना त्यानं पिशवीभर मोसंबी दिली, फाट्यापर्यंत मोटरसायकलवर सोडलं.

अंबडच्या स्टँडवरून मी वनिताला फोन लावला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

मग ती म्हणाली, "तू सांगितलंस? मारोतीबद्दल मी फक्त आईजवळ बोलले होते रे, दादा. मला वाटलं, आईनंच..." तिनं फोन ठेवला.

पुण्याच्या गाडीत बसलो. पडद्यावरच्या गरिबासाठी रडताना माझं काहीच जात नव्हतं. शेजारी बसलेल्या मित्रासाठी नुसतं गप्प बसायचं होतं, तेवढंही मला जमलं नाही. आणि त्याची झळ कुणाकुणाला लागली, हे मला आज कळत होतं.

लग्नानंतर वनिता कधी माहेरी राहायला आली नाही. आईच्या शेवटच्या आजारपणातही नाही. आई मला सारखं विचारायची, "वनीचा माझ्यावर एवढा राग कशाचा रे?"

मी तिचे पाय चेपत म्हणायचो, "काय माहीत."