नेझबीच्या माळावरचा न उघडलेला डबा

मोरेश्वर गजभिये सरांची आणि माझी पहिली भेट भांडणाने झाली. मी पुण्याहून वर्क व्हिसावर नुकतीच कॉव्हेंट्रीला आले होते. इथल्या मराठी मंडळाची सहल एजहिलला निघाली आहे एवढं ऐकून मी आणि माझा नवरा मंदार कोचमध्ये जाऊन बसलो. उतरल्यावर कळलं, की ही सहल म्हणजे सतराव्या शतकातल्या इंग्लंडच्या यादवी युद्धाचा धडा आहे. सरांनी चिठ्ठ्यांचा डबा पुढे केला. मला ‘पार्लमेंट’ आली, मंदारला ‘राजा’.

“आता संध्याकाळपर्यंत तुम्ही दोघांनी बोलायचं नाही आणि एकत्र जेवायचं नाही,” सर म्हणाले.

“अहो, पण आमचा टिफिन एकच आहे!”

“बाई, तेव्हाही कुणी विचारून वाटणी केली नव्हती.”

टिफिन मंदारच्या पाठीवर होता. त्या दुपारी समोरच्या बाकावर बसून त्याने माझ्या हातची पुरी-भाजी खाल्ली आणि मी थंडीत हात चोळत ते पाहत राहिले. इतका राग मला क्वचितच आला असेल. संध्याकाळी सरांनी दुसरा नियम सांगितला. ज्याच्याविरुद्ध दिवसभर उभे राहिलात त्याला आपल्या हाताने घास द्यायचा, मगच तोंड उघडायचं. मंदारने उरलेली पुरी पुढे केली आणि मला अचानक रडू फुटलं. तेव्हापासून सरांची एकही सहल मी चुकवलेली नाही.

नागपूरहून तरुणपणी आलेल्या सरांनी कॉव्हेंट्रीच्या शाळेत आयुष्यभर इतिहास शिकवला. लढाई कोण जिंकलं हे मात्र ते सगळ्यात शेवटी आणि नाखुशीने सांगतात. एजहिल ही त्या युद्धातली पहिली मोठी लढाई. ती झाली त्या शेतांवर आज लष्कराचं दारूगोळ्याचं कोठार आहे, तिथे तारेचं कुंपण आहे. आपण वरच्या कड्यावरून नुसतं बघायचं. त्या रात्री दोन्ही सैन्यं कडाक्याच्या थंडीत मैदानातच राहिली, मधे जखमी कण्हत पडले होते, आणि एका घरातला बाप एका बाजूला तर मुलगा दुसऱ्या बाजूला होता, हे सर अगदी सपाट आवाजात सांगतात. पुढे यॉर्कजवळचं मार्स्टन मूर. तिथे मेलेल्यांना उघडं करून खड्ड्यांत लोटलं. कपडे गेल्यावर कोण राजाचा आणि कोण पार्लमेंटचा, हे कोण सांगणार?

तिथे एकदा आमच्यातल्या एका कुटुंबातल्या मुलीने विचारलं, “सर, पण हू वेअर द गुडीज? कोणता बाजू बरोबर होता?”

“बेटा, इट्स अ फेअर क्वेश्चन,” सर म्हणाले. “पण आधी मेलेल्यांकडे बघू. मग तूच मला सांग.”

 

माझे वडील पुण्यात गेले तेव्हा माझा पासपोर्ट व्हिसाच्या नूतनीकरणासाठी अडकलेला होता. मी जाऊ शकले नाही. सर सकाळी दारात आले, मला गाडीत बसवून नेझबीला घेऊन गेले. धुकं होतं. राजाची बाजू जिथे कायमची मोडली त्या माळावर आम्ही चालत राहिलो. पराभूत सैन्याच्या मागे असलेल्या बायकांना तिथे जिंकलेल्यांनी कापून काढलं. त्यांची भाषा यांना कळत नव्हती आणि स्वयंपाकाच्या सुऱ्या पाहून ही शस्त्रं आहेत असं म्हटलं गेलं, असं सांगतात. “त्यांच्या घरी कुणाला निरोपही गेला नसेल,” सर म्हणाले. दुसरं कुणी असतं तर मला समजावलं असतं. सरांनी मला रडायला जागा दिली, याचं ऋण मी कसं फेडू?

इथपर्यंत मंडळाच्या अंकातल्या गौरवलेखाच्या रीतीने झालं. पुढचं लिहू का, असं मी सरांना विचारलं होतं. “गौरव-बिरव राहू दे, तेच लिही,” ते म्हणाले.

आपलं मंडळ सरांनी आणि त्यांचे धाकटे बंधू सुधाकरराव यांनी मिळून उभं केलं, हे जुन्यांना ठाऊक आहे. मग, मी येण्याच्या आधीच, आमच्यासारखे व्हिसावरचे नवे लोक आले. त्यांना लगेच मताचा हक्क द्यावा, असं सरांचं म्हणणं. आधी इथे काही वर्षं राहा, मग मत द्या, असं सुधाकररावांचं. वार्षिक सभेत सरांनी सख्ख्या भावाला सर्वांदेखत “राजेसाहेब” म्हणून हिणवलं, आणि टाळ्या पडल्या. मंडळाची दोन मंडळं झाली. सुधाकरराव लंडनकडे, इल्फर्डला निघून गेले. ज्यांच्या मतांसाठी हे झालं त्यातले बरेच जण लवकरच नोकरी बदलून हॅरोला गेले. अशा युद्धाला काय म्हणावं?

त्यानंतर वत्सलाताई गेल्या, सरांच्या पत्नी. सुधाकररावांनी या देशातली सुरुवातीची वर्षं त्यांच्याच हातचं खाऊन काढली होती. अंत्यविधीला ते आले, पण आपल्या लोकांबरोबर बाहेर कार पार्कमध्येच उभे राहिले. आत पंचशील सुरू होतं. सर दारापर्यंत आले. दोघांनी एकमेकांना पाहिलं. पावसाची भुरभुर चालू होती आणि सुधाकरराव टोपी हातात घेऊन भिजत होते. मग सर आत वळले.

“मी नुसता हात वर केला असता तरी तो आला असता,” सर मला नंतर म्हणाले. “शिकवायचो सगळं आणि हात वर केला नाही.”

चिठ्ठ्यांचा खेळ त्यानंतर सुरू झाला.

सर स्वतः कधीच चिठ्ठी काढत नाहीत. पण प्रत्येक सहलीला ते एक लहान स्टीलचा डबा आणतात. त्यात ज्वारीची भाकरी आणि जवसाची चटणी असते. ती वत्सलाताईंच्या पद्धतीने सर स्वतः कुटतात. संध्याकाळी सगळे एकमेकांना घास देतात तेव्हा तो डबा सरांच्या मांडीवर तसाच बंद राहतो, आणि तसाच घरी जातो. गेल्या वर्षी नेझबीला मी न राहवून म्हटलं, “सर, उघडा ना.”

“माझ्यासमोरचा माणूस अजून यायचा आहे,” ते म्हणाले.

सरांना पंच्याहत्तर वर्षं पूर्ण झाली. त्यांचे हात आता फार कापतात, चटणी कुटताना अर्धी ओट्यावर सांडते. त्यांना निरोगी दीर्घायुष्य लाभो, असं आपण सगळेच मनापासून म्हणतो. मीही म्हणते, पण मला ते आयुष्य कशासाठी हवं आहे हेही सांगते. सुधाकरराव, हा अंक तुम्हालाही पाठवला आहे. वसंतात आम्ही पुन्हा नेझबीला जातोय. सर हात वर करतील, तसं त्यांनी मला कबूल केलंय. पण त्या डब्याचं झाकण घट्ट आहे आणि ते आता त्यांच्या हातांनी उघडत नाही. तेवढं उघडायला या.