थंडीत बंद पडणारा मुलुंडचा पंप

पंप माझ्यासमोर अगदी शहाण्यासारखा चालत होता. दामले काका कानटोपी घालून पंपरूमच्या दारात उभे होते आणि शपथेवर सांगत होते, "अगं मृणाल, काल रात्रभर छळलंय याने. चालतो, बंद पडतो, परत चालतो. थंडी पडल्यापासून हेच चाललंय."

स्विमिंग पूलचे पंप, फिल्टर, हीटर बघणं हे माझं काम. जानेवारीत फोन वाढतात. मी पार्ल्याची, आमच्याकडे थंडी पडली म्हणजे पंखा एकवर आणायचा. मुलुंडला डोंगराच्या बाजूला मात्र पहाटे खरोखर हुडहुडी भरते.

काका सोसायटीचे सेक्रेटरी. काकूंना पावसाळ्यात पॅरॅलिसिसचा झटका येऊन गेला होता. डावा पाय जमिनीवर उचलत नव्हता, पाण्यात उचलायचा. फिजिओने त्यांना रोज कोमट पाण्यात चालायला सांगितलं होतं. आता पंपच पाणी हीटरकडे ढकलतो, त्यामुळे पंप थांबला की हीटरही थांबतो. गार पाण्यात काकूंचा पाय आखडायचा, म्हणून त्यांचा व्यायाम बंद पडला होता. त्यात कमिटीने बजावलं होतं, या आठवड्यात पंप सुधारला नाही तर पूल थेट होळीनंतर उघडायचा. तशी नोटीस लावायची ती काकांनीच.

मी नेहमीच्या क्रमाने गेले. पूलमधली पाण्याची पातळी ठीक. पंपाच्या तोंडाशी जाळीची टोपली असते, तिच्यात बदामाची पानं अडकली होती, ती काढली. टोपलीच्या झाकणाची रबरी रिंग थंडीत कडक होते आणि पंप पाण्याबरोबर हवा ओढायला लागतो. रिंग बदलली. मोटरचा करंट मोजला, अगदी बरोबर. तासभर पंप चालवून बघितला. एकदाही थांबला नाही.

"झालं काका. रिंगचा प्रॉब्लेम होता," मी ऐटीत सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांचा फोन. पंप रात्रभर बंद-चालू, बंद-चालू. पाणी बर्फ.

माझी ऐट उतरली. आमचे सावंत साहेब मूळचे मालवणचे, त्यांचा निकाल तयार होता. "मोटर गेली गो ती. नवीन घाल आणि मोकळी हो."

"साहेब, गेलेली मोटर माझ्यासमोर तासभर कशी चालेल? मी असते तेव्हा चालते, मी नसते तेव्हा पडते. म्हणजे मी नसताना तिथे काहीतरी वेगळं असतं."

"काय, भूत?"

"बघून सांगते."

या वेळी मी कोणाला न कळवता गेले, उजाडता उजाडता. वॉचमनने पंपरूम उघडून दिली आणि मी दारातच थबकले. मोटरला गोधडी गुंडाळलेली होती! वरून नायलॉनची दोरी, चारी बाजूंनी थर्माकोल, सगळं अगदी मायेने बांधलेलं.

"हे कोणी केलं?"

"सेक्रेटरीसाहेबांनी. मी काय बोलणार, मॅडम?"

हात लावला तर मोटर तव्यासारखी. मोटरच्या मागच्या बाजूला छोटा पंखा असतो, तो हवा ओढून तिला गार ठेवतो. गोधडीने त्याचं तोंडच बंद केलं होतं. मोटर फार तापली की आतला सेफ्टी स्विच तिला बंद करतो, निवली की ती आपोआप सुरू होते. थंडीत बंद पडणारा पंप उकाड्याने बंद पडत होता.

मी काकांना खाली बोलावलं. ते कानटोपीसकट आले आणि गोधडीकडे बघून ओशाळले.

"अगं, आम्ही गेल्या वर्षी कॅनडाला लेकीकडे होतो ना. तिकडे थंडीत पाइपांना असंच गुंडाळतात. नाहीतर पाणी गोठून फुटतात म्हणे."

"काका, मुलुंडला पाणी गोठलं तर पेपरात फोटो येईल. आणि परवा मी आले तेव्हा ही कुठे होती?"

"तू येणार म्हणून काढून ठेवली. पंपरूम जरा नीटनेटकी दिसावी म्हणून."

मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. हा माणूस बायकोसाठी रोज रात्री तीन मजले उतरून पंपाला झोपवत होता. मी गोधडी सोडली, थर्माकोल बाहेर काढला आणि मोटर निवल्यावर पंप सुरू केला. तो पुन्हा म्हणून थांबला नाही. नोटीस लागली नाही.

पाणी कोमट झालं त्या दिवशी मी मुद्दाम गेले. काकू कठड्याला धरून पाण्यात उभ्या होत्या. डावा पाय उचलला, पुढे टाकला, मग काकांकडे वळून एकेक शब्द जुळवत म्हणाल्या, "इतकी वर्षं संसार केला. मला कधी उठून पांघरूण घातलं नाहीत. पंपाला घातलंत!"

काका टोपी सारखी करत बसले. काकू हसत हसत पलीकडच्या टोकापर्यंत चालत गेल्या.

तेव्हापासून तक्रार आली की मी कळवून जात नाही. आपल्याकडे कोणी येणार म्हटलं की आधी आवराआवर होते, आणि त्यात बिघाडही आवरला जातो.