पदवीवरची दुसरी बाई

कतारमध्ये, दोह्यात माझं काम म्हणजे लोकांच्या चांभारचौकशा करायच्या, आणि त्याचा मला पगार मिळतो. कुणाला विमा, कर्ज, पैसे पाठवणं असल्या धंद्याचं मालक व्हायचं असेल, तर तो माणूस त्या लायकीचा आहे का, हे आम्ही आधी तपासतो. जुनी भानगड असली तरी एकवेळ चालतं, पण लपवलं की खलास.

एकदा अल थुमामात राहणाऱ्या एका ताईंची फाइल आली. मूळच्या नाशिकच्या, नवरा रास लफानच्या गॅस प्रकल्पात शिफ्ट ड्युटीत. वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या ऑफिसात विम्याची कामं करून आता त्यांना स्वतःची छोटी कंपनी काढायची होती. त्या भरवशावर नोकरी सोडून बसलेल्या. नकार आला असता तर ना घर का ना घाट का, असं झालं असतं.

माझे साहेब जॉर्डनचे. मुलाखतीत त्यांनी विचारलं, "तुमचं आधी कधी दुसरं नाव होतं?"

"नो," ताई ठामपणे म्हणाल्या.

साहेबांनी त्यांचीच पदवी पुढे सरकवली. "मग ही बाई कोण?"

नाव वेगळं, मधे नवऱ्याच्या जागी बापाचं नाव, आडनाव वेगळं. मला कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला. अहो, सरळ "हो" म्हणून लग्नाचं सर्टिफिकेट द्यायचं, संपलं! आमच्याकडे लग्नात मुलीचं आडनावच नाही, नावसुद्धा बदलतात, असं मी साहेबांना सांगितलं. त्यांना ते पटेना. त्यांच्यात बाई मरेपर्यंत बापाचंच नाव लावते.

"नवं नाव तुम्ही निवडलंत?" त्यांनी ताईंना विचारलं.

"नाही. यांनी ताटातल्या तांदळात अंगठीनं लिहिलं. मी तिथंच वाचलं." हे त्यांनी हिंदीत, अगदी सहज सांगितलं, आणि मी ते साहेबांना इंग्रजीत सांगितलं. माझं मात्र टाळकं फिरलं. एवढी शिकलेली बाई, आणि स्वतःचं नाव तिला ताटात वाचावं लागलं.

"पण मग मघाशी 'नाही' का म्हणालात?" साहेबांनी विचारलं.

 ताईंना पदर नव्हता, तर ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाल्या, "अगं, यांना सांग, मी लपवलं नाही. आई होती तोवर ती फोनवर त्या नावानं हाक मारायची. ती गेली. आता मला त्या नावानं ओळखणारं कुणीच नाही. मला वाटलं, ते नाव माझं राहिलंच नाही."

मी जमेल तसं इंग्रजीत सांगितलं. 

साहेबांनी पेन उघडलं. मग ताईंना म्हणाले, "मॅडम, ते नाव हळू सांगा. मला नीट लिहायचंय." ताईंनी सांगितलं. साहेबांनी एकेक अक्षर विचारून ते आताच्या नावाशेजारी लिहिलं, आणि खाली शेरा मारला: मालक होण्यास योग्य.