चौकातली बस

“ए, ऊठ. गावची माणसं बसू दे आधी.”

बसच्या काचेवरचा हार अजून ताजा होता. आमच्या गावात आलेली पहिली बस, पहिला दिवस, सकाळची पहिली फेरी. मी कंपनीचा निळा शर्ट घालून दुसऱ्या सीटवर बसले होते. ऊठ म्हणणारा सरपंचाचा मेहुणा. मूळचा रहाटणीचा, बहिणीकडं राहायला आलेला. तो गावचा. आणि पणज्यापासून इथं राबलेले आम्ही, वस्तीचे.

खरं सांगते, मी उठले. अर्धी उठले. डोक्याला विचारायच्या आधीच पाय उठले. त्या पायांची लाज मला अजून वाटते.

आणि तेवढ्यात तो चहा आठवला.

सहा महिन्यांपूर्वी बसच्या ऑफिसातल्या साहेबानं गावाचा अर्ज परत पाठवला होता. लोकसंख्या कमी, बस परवडत नाही. झालं! सरपंच आमच्या बौद्धवस्तीत आले. हात जोडून! हा चमत्कार बघायला ओढ्यातले बेडूकसुद्धा बाहेर आले. “ताई, आपण एकच गाव हाय. सगळी नावं द्या.” आमच्या घरचं पाणी ज्यांच्या घशाखाली कधी उतरलं नव्हतं, त्यांनी त्या दिवशी दोन-दोन कप चहा ओढला. आजीला लिहिलं, पाळण्यातल्यांना लिहिलं, बीड-लातूरच्या भाडेकरूंना लिहिलं. वहिनीला सातवा महिना होता, तिची दोन माणसं धरली. शेळीनं नाव सांगितलं असतं तर तीही गावकरी झाली असती.

आमच्या जोरावर बस आली. थांबा लागला चौकात, सरपंचाच्या दारात. चाकणहून येणारा एकुलता एक रस्ता आमच्या वस्तीतून जातो, पण तिथं थांबा नाही. आम्ही दोन किलोमीटर उलटं चालत चौकात जायचं, बस धरायची आणि त्याच बसमधून स्वतःच्या दारावरून पुढं जायचं. असलं उलटं काम कंपनीतला बिघडलेला रोबोही करत नाही.

मी परत बसले.

“नाही उठणार.”

“काय म्हणलीस?”

“नावं लिहून घेताना म्हणाला होतात का, आधी गावची, मग तुमची?”

मागं उभी असलेली आई कुजबुजली, “ऊठ गं बाई, शिफ्ट चुकंल.” खरं होतं. मी कॉन्ट्रॅक्टवरची. सातला गेट बंद. तिसऱ्यांदा उशीर झाला की घरी. दोन उशीर टमटमची वाट बघण्यात आधीच गेले होते. मेहुण्यानं ड्रायव्हरला बजावलं, “ही उठल्याबिगर गाडी हलवायची न्हाई.” कंडक्टर म्हणाला, “मॅडम, मागं जा ना, कशाला वाद?” आयुष्यात मला मॅडम म्हणणारा पहिला माणूस, तोही ऊठ म्हणायला!

गाडी उभी. हारातली फुलं सुकून बी धरतील, एवढा वेळ उभी. शेवटी गावातलीच पोरं ओरडली, “ओ पाव्हणं, उतरा खाली! आमचं कंपनीतल्या हजेरीचं पंचिंग जातंय, राव!” जातीचा एवढा कडक माणूस, पंचिंगपुढं उतरला. माझ्या बाजूनं कुणी बोललं नाही, हेही लिहून ठेवते. त्यांना फक्त वेळेत पोचायचं होतं.

बस निघाली. वस्ती आली. वहिनी तान्ह्याला लस द्यायला निघालेली, हात वर करून रस्त्याकडेला उभी.

“थांबवा हो, बाळ आहे!” मी ओरडले.

“इथं थांबा न्हाई,” ड्रायव्हर म्हणाला.

जन्माआधी मोजलेलं पोर. त्याच्या तोंडावर धूळ उडवून बस पुढं गेली.

गेट बंद झालं होतं. सुपरवायझर काचेआडून म्हणाला, “उद्यापासून येऊ नको.”

बरं झालं. आता सकाळी मला कुठं पोचायचं नाही. उद्या पहाटे मी वस्तीच्या रस्त्यात मधोमध उभी राहणार. आई विचारते, “एकटीच?” एकटी तर एकटी. चाकणहून येणारी बस आधी आमच्या दारात थांबेल. नाही थांबली, तर चौकात पोचणार नाही.